फी सगळ्यात शेवटी बघा: कोल्हापुरात नोकरीचं खासगी प्रशिक्षण कसं निवडायचं

उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये मी २६ वर्षं काढली. त्यातली शेवटची काही वर्षं नवीन पोरांची परीक्षा घेणं माझ्याकडं होतं. परीक्षा साधी असायची. टेबलावर लेथवर कातलेला एक तुकडा (आम्ही त्याला जॉब म्हणतो), शेजारी बारीक माप घ्यायचा ०-२५ चा मायक्रोमीटर आणि ड्रॉइंगचा कागद. ड्रॉइंगवर व्यास २४ मिलिमीटर, टॉलरन्स म्हणजे चालणारा फरक अधिक-उणे ०.०२. "माप घे आणि सांग, ओके की रिजेक्ट."

एकदा राधानगरीकडचा एक पोरगा आला. फाइलमध्ये तीन प्रमाणपत्रं, तिन्ही प्लास्टिकच्या कव्हरात. त्यानं मायक्रोमीटरचं थिंबल (फिरवायचा भाग) मुठीत धरलं आणि नळ बंद करावा तसं जॉबवर आवळलं. माप आलं २४.०१. "ओके हाय सर." मी रॅचेट, म्हणजे जास्त आवळू न देणारं टोक, फिरवून परत माप घेतलं, २४.०३ आलं. म्हणजे जॉब मापाबाहेर. "मग आता मशीनवर काय करशील?" एक्सच्या ऑफसेटला (मशीनवरच्या मापाच्या दुरुस्तीला) उणे ०.०३ द्यायचं, एवढंच उत्तर होतं. तो खाली बघत म्हणाला, "सर, आमाला सगळं कॉम्प्युटरवर दाखिवलं. मशीन एकच हुतं, त्याला हात लावू देत न्हवते." त्या कोर्ससाठी बापानं दुभती म्हैस विकली होती.

पोरगा हुशार होता. चूक त्याची नव्हती आणि बापाचीही नव्हती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की कोर्स निवडताना काय बघायचं. आता मी रविवारी सकाळी आमच्या पेठेतल्या तालमीत बसतो. दहावी-बारावीनंतर अडकलेली पोरं-पोरी, नवऱ्याचं काम सुटलेल्या वहिनी येतात. त्यांच्याशी जे बोलतो, ते इथं क्रमानं लिहितोय. चांगल्या प्रशिक्षणानं घर वर येतं हे मी डोळ्यांनी बघितलंय. फक्त क्रम चुकला की तेच प्रशिक्षण घराला आणखी खाली नेतं.

पहिलं काम: घराचा हिशेब मांडा

कोर्सची फी १२,००० रुपये म्हटली की घरात त्या १२,००० चीच चर्चा होते. खरा खर्च दुसरीकडं असतो. समजा तुम्ही सेंट्रिंगच्या किंवा हमालीच्या कामावर जाता, रोज ४५० रुपये मिळतात, महिन्याला २६ हजेऱ्या भरतात. तीन महिन्यांचा दिवसभराचा कोर्स केला तर ३५,१०० रुपयांची मजुरी बुडाली. त्यात केएमटीचं किंवा एसटीचं भाडं, दुपारचा डबा, वही, बूट घाला. १२,००० चा म्हणून घेतलेला कोर्स ५०,००० च्या घरात जातो. पोरं दुसऱ्या महिन्यात कोर्स सोडतात ती डोकं चालत नाही म्हणून नव्हे. खोलीचं भाडं थकतं, किराणा दुकानदार वही पुढं करतो, म्हणून सोडतात.

ही गोष्ट कोल्हापूरला नवी नाही. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढं जातीजातींच्या, धर्माधर्मांच्या मुलांसाठी बोर्डिंगांची रांगच उभी केली. शाळा तर होत्याच. पण खेड्यातल्या पोरानं शहरात येऊन खायचं काय आणि झोपायचं कुठं, हा प्रश्न सुटल्याशिवाय शाळेचा उपयोग नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. आजच्या कोर्सलाही मी हाच पहिला प्रश्न विचारतो: शिकत असताना चूल कशी पेटणार?

म्हणून एका कागदावर लिहून काढा. कोर्सचे महिने किती, त्या काळात घरात दुसऱ्या कुणाची कमाई आहे का, कुठला हप्ता थांबवता येणार नाही, पहिला पगार हातात यायला कोर्सनंतर किती दिवस लागतील. (पहिला पगार महिना भरल्यावर येतो. तो एक महिना सगळे विसरतात.) भिशी असेल तर ती उचलायची वेळ हीच. घरची कमाई साखर कारखान्याच्या गळीत हंगामावर किंवा गुऱ्हाळावर असेल, तर ऐन हंगामात कोर्सला बसू नका. हंगाम संपल्यावर सुरू होणारी बॅच धरा. हिशेब बसतच नसेल तर संध्याकाळची बॅच किंवा शिकताना पैसे मिळतील असा रस्ता शोधा. त्याबद्दल पुढं लिहिलंय.

दुसरं: आधी काम शोधा, मग कोर्स

आपल्याकडं उलटं होतं. भिंतीवरची जाहिरात बघून कोर्स ठरतो आणि कोर्स संपल्यावर काम शोधायला निघतात. तुम्ही आधी काम जिथं आहे तिथं जा.

कोल्हापुरात हे सोपं आहे, कारण काम ठरावीक जागी गोळा झालंय. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित या एमआयडीसींत फौंड्री (धातूचं ओतकाम) आणि मशीन शॉप. उद्यमनगरात लहान वर्कशॉप, जॉबवर्क, ओतकामाचे साचे (पॅटर्न). इचलकरंजीला माग, सायझिंग, प्रोसेस आणि आता शिलाईचे युनिट. हुपरीला चांदी. शहरात हॉस्पिटलं, हॉटेलं, दुकानं, गाड्यांची शोरूम आणि सर्व्हिस सेंटर. तुमच्या घरापासून बस बदलल्याशिवाय जिथं पोचता येतं, अशा दोन जागा निवडा. नाइट शिफ्ट सुटल्यावर घरी कसं यायचं हेही आत्ताच बघा, विशेषतः मुलींनी.

मग एक दिवस मोडा आणि पाच-सहा गेटांवर जा. शिफ्ट सुटायची वेळ चांगली. वॉचमनशी बोला, बाहेर चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या कामगारांशी बोला, जमलं तर सुपरवायझरला दोन मिनिटं मागा. नोकरी मागू नका, माहिती विचारा. माझ्या अनुभवात माहिती विचारणाऱ्याला लोक हाकलत नाहीत. विचारायचं ते असं:

"मामा, इथं नवीन माणूस कुठल्या कामावर घेतात? हेल्परला सुरुवातीला हातात किती पडतात, ऑपरेटरला किती? कंपनीच्या हजेरीवर घेतात की कंत्राटदाराकडून? कुठल्या संस्थेतून आलेली पोरं टिकतात?"

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. तीन वेगवेगळ्या गेटांवर एकाच संस्थेचं नाव निघालं तर त्या संस्थेचं दार वाजवायला हरकत नाही. जी संस्था रोज जाहिरात करते आणि जिचं नाव एकाही गेटावर कुणाला माहीत नाही, ती तिथंच सोडून द्या.

आणखी एक बघा: त्या कामाला पुढची पायरी आहे का. फौंड्रीत फेटलिंगवर, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला, लगेच काम मिळतं, पण धूळ आणि ग्राइंडिंगमध्ये वर्षानुवर्षं तेच राहतं. त्याच फौंड्रीत मोल्डिंग, मेल्टिंग, सँड टेस्टिंग, क्वालिटी असे विभाग असतात, तिथं शिकलेल्याला वर जाता येतं. मशीन शॉपमध्ये हेल्पर, ऑपरेटर, सेटर (नव्या जॉबसाठी मशीन लावून देणारा), प्रोग्रॅमर अशी सरळ शिडी आहे. शिडी नसलेल्या कामासाठी पैसे भरून कोर्स करू नये, असं माझं ठाम मत आहे.

तिसरं: चार दारं आहेत, आपलं कुठलं ते ओळखा

पहिलं दार, फी घेणाऱ्या खासगी संस्था. सीएनसी-व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन), टॅली-जीएसटी, मोबाइल दुरुस्ती, ब्यूटी पार्लर, हॉस्पिटल असिस्टंट. यांत सोन्यासारख्या संस्था आहेत आणि नुसती पाटी लावलेल्याही आहेत. निवड कशी करायची ते पुढच्या भागात.

दुसरं दार, अप्रेंटिसशिप. ज्याचं घर रोजच्या मजुरीवर चालतं त्याला मी आधी हेच दार दाखवतो, कारण इथं शिकताना पैसे मिळतात. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला ठरावीक प्रमाणात अप्रेंटिस घ्यावेच लागतात. २०१९ च्या नियमांत शिक्षणानुसार किमान विद्यावेतन ठरवलं गेलं: पाचवी ते नववीला महिना ५,०००, दहावीला ६,०००, आयटीआयला ७,०००, डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला ९,००० रुपये. कंपनी यापेक्षा जास्त देऊ शकते. तुमच्या वर्षी लागू असलेला आकडा करारावर बघून घ्या. नोंदणी अप्रेंटिसशिप इंडियाच्या सरकारी पोर्टलवर होते आणि तुमच्या नावानं करार तयार होतो. तो करार मोबाइलमध्ये जपून ठेवा. दोन गोष्टी आधीच माहीत असू द्यात. अप्रेंटिसचा पीएफ कापला जात नाही. आणि मुदत संपल्यावर कामावर घ्यायचं बंधन कंपनीवर नसतं. म्हणून सही करण्याआधी विचारा: "गेल्या वर्षीच्या अप्रेंटिसपैकी कितीजण आज तुमच्याकडं कामावर आहेत?" जिथं पोरांना वर्षभर नुसतं माल उचलायला लावतात, ती जागा या प्रश्नाला अडखळते.

तिसरं दार, मोफत कोर्स. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी काढलेल्या, पैशावर किंवा सरकारी योजनेतून खासगी संस्था हे चालवतात. ग्रामीण भागातल्या गरीब घरांसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आहे, त्यात निवासी प्रशिक्षण मिळतं. पंचायत समितीत उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) माणसाला विचारा. मोफत असलं तरी तपासणी तेवढीच कडक करा, बुडणारी मजुरी तुमचीच असते.

चौथं दार, बँकेची स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी. १९८२ मध्ये कर्नाटकात धर्मस्थळजवळ उजिरेला अशी पहिली संस्था सुरू झाली आणि त्या धर्तीवर देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत आरसेटी उभ्या राहिल्या. कोल्हापूरची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया, त्यामुळं आपल्याकडची आरसेटी तीच चालवते. शिवणकाम, दुग्धव्यवसाय, पार्लर, वायरिंग यांसारखे थोड्या दिवसांचे कोर्स, राहणं-जेवण फुकट. मला त्यांची एक गोष्ट फार आवडते: कोर्स संपल्यावर दोन वर्षं पाठपुरावा करायची पद्धत आणि कर्जासाठी बँकेशी जोडून देणं. ज्याला नोकरीपेक्षा स्वतःचं काहीतरी मांडायचंय त्यानं इथं जावं. चप्पल कारागिरांच्या घरातली पोरं येतात तेव्हा मी त्यांनाही हेच सांगतो. हात तुमच्याकडं पिढीजात आहे, कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकनही आहे. तुम्हाला शिकायचंय ते हिशेब, भाव लावणं आणि ऑनलाइन विक्री.

चौथं: संस्थेत जा, ऑफिसात बसू नका

ऑफिसात एसी असतो, मॅडम गोड बोलतात, आल्या-आल्या फॉर्म पुढं सरकवतात. तुम्ही म्हणायचं, "आधी वर्कशॉप बघतो."

बॅच चालू असताना जा. मशीन किती आणि पोरं किती ते मोजा. चालू मशीन मोजा, झाकून ठेवलेली सोडा. एका मशीनवर तीस पोरं असतील तर तुमचा हात मशीनला आठवड्यातून काही मिनिटंच लागणार. डब्यात ताजी बर, म्हणजे कापलेल्या धातूचा चुरा, पडलीय का बघा. लेथच्या ट्रेमध्ये ती नसेल तर तिथं काम होत नाही, शिकवणी होते. शिवणाच्या वर्गात घरगुती मशीन आहे की कारखान्यात असतं तसं मोटारवालं, ते बघा. पायमशीनवर शिकलेल्या बाईला गारमेंट युनिटमध्ये पहिल्या दिवशी वेग सापडत नाही.

मग मागच्या बॅचच्या पाच जणांशी बोलायला मागा. संस्थेनं दिलेल्या नंबरांवर थांबू नका. जेवणाच्या सुट्टीत आत्ता शिकणाऱ्या पोरांना विचारा, "तुमच्या आधीचे कुठं लागले रं?" खरं उत्तर तिथं मिळतं.

"१०० टक्के प्लेसमेंट" आणि "प्लेसमेंट असिस्टन्स" या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्याचा अर्थ एवढाच की ते तुम्हाला मुलाखतीला पाठवतील. तोंडी जे काही सांगतात ते लेटरहेडवर मागा: कुठल्या कामावर, साधारण किती पगारावर, नोकरी लागली नाही तर पैशाचं काय. आमच्या नात्यातल्या एका मुलीला प्रवेशाच्या वेळी "हॉस्पिटलात नोकरी पक्की" सांगितलं होतं. पावतीवर फक्त रक्कम होती. वर्षानंतर भांडायला आमच्या हातात एक ओळसुद्धा नव्हती.

त्या मुलीचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं, कारण या चुकीत कोल्हापुरातल्या किती मुली अडकल्यात ते मी रविवारी बघतो. तिला वाटत होतं आपण नर्स होणार. कोर्स होता एका वर्षाचा. नर्स व्हायचं तर एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, आणि कॉलेजला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता लागते. ती नसेल तर नोंदणी होत नाही आणि नोंदणी नसेल तर नर्स म्हणून काम करता येत नाही. जनरल ड्यूटी असिस्टंट हा वेगळा, छोटा कोर्स आहे. रुग्णाला उठवणं-बसवणं, स्पंजिंग, बेड करणं, नाडी-ताप टिपणं. ते मानाचं आणि गरजेचं काम आहे, हॉस्पिटलांना माणसं लागतात. फक्त नर्सची स्वप्नं दाखवून असिस्टंटचं शिक्षण विकलं, तर ती लबाडी आहे. अशा कोर्सला जाण्याआधी एकच प्रश्न विचारा: "यानंतर परिषदेत माझी नोंदणी होईल का?"

बाकी क्षेत्रांत प्रमाणपत्र कुणाचं, हे विचारा. आयटीआयचं राष्ट्रीय प्रमाणपत्र, राज्याच्या कौशल्य मंडळाचं, किंवा एनसीव्हीईटीची (केंद्राच्या व्यावसायिक शिक्षण परिषदेची) मान्यता असलेल्या संस्थेचं, यांना बाहेर किंमत आहे. संस्थेनं स्वतःच छापलेलं प्रमाणपत्र त्या गल्लीपुरतं. खरं सांगायचं तर उद्यमनगरात मालक कागद बघत नाही, हात बघतो. पण मोठ्या कंपनीत, हॉस्पिटलात, सरकारी ठेक्यात कागद लागतोच. त्यामुळं दोन्ही हवं.

पाचवं: पैसे

आता फीकडं या. एकरकमी भरू नका, हप्ते मागा, आणि शेवटचा हप्ता परीक्षेनंतर ठेवायचा प्रयत्न करा. प्रत्येक हप्त्याची पावती नाव, तारीख आणि शिक्क्यासकट घ्या. मूळ मार्कलिस्ट आणि दाखला कुणाच्याही ताब्यात देऊ नका, दाखवून परत घ्यायचे. बचत गटातून कर्ज मिळत असेल तर ते सगळ्यात बरं. आठवड्याच्या हप्त्याचं मायक्रोफायनान्स कोर्ससाठी घेऊ नका, कारण हप्ता पुढच्याच आठवड्यात सुरू होतो आणि तुमचा पगार चार महिन्यांनी. "सरकारी योजना आहे, फक्त रजिस्ट्रेशनचे पैसे द्या" असं कुणी म्हणालं तर उठून या. आरसेटी आणि ग्रामीण कौशल्य योजनेत प्रशिक्षणार्थीकडून फी घेतली जात नाही.

सहावं: शेवटपर्यंत टिकायचं कसं

माझ्या मते सगळ्यात अवघड पायरी हीच.

अमेरिकेत सॅन अँटोनियो नावाच्या शहरात १९९० मध्ये जीन्स शिवणारा मोठा कारखाना बंद पडला आणि शेकडो कामगार, त्यात बायका पुष्कळ, घरी बसले. तिथल्या चर्चच्या आणि वस्त्यांच्या संघटनांनी मिळून १९९२ मध्ये प्रोजेक्ट क्वेस्ट नावाचं प्रशिक्षण सुरू केलं. त्यांनी आधी मालकांना विचारलं की माणसं कशाला लागणार, त्यात हॉस्पिटलची कामंही निघाली. मग शिकणाऱ्याच्या फीबरोबर प्रवासाचा आणि मुलं सांभाळायचा खर्चही उचलला, आणि दर आठवड्याला समुपदेशकाबरोबर बैठक ठेवली. पुढं चिठ्ठ्या टाकून प्रवेश मिळालेले आणि न मिळालेले यांची तुलना झाली. नवव्या वर्षी प्रवेश मिळालेल्यांची वर्षाची कमाई सुमारे ५,००० डॉलरनी जास्त होती. दिल्लीच्या वस्त्यांतही बायकांच्या सहा महिन्यांच्या शिवण प्रशिक्षणाचा असाच अभ्यास झाला. शिकलेल्यांना काम मिळालं, पण मध्येच सोडणाऱ्यांना आडवं आलं ते केंद्राचं अंतर आणि लेकरं सांभाळायला कुणी नसणं.

आपल्याला एवढी मोठी संस्था भेटेलच असं नाही. म्हणून त्यातलं जमेल तेवढं स्वतः उभं करा. घरात लहान मूल असेल तर कोर्सला नाव घालण्याआधी सासूशी, जावेशी, शेजारणीशी वेळ ठरवून घ्या, आणि ती आजारी पडली तर दुसरी कोण, हेही. एकाच वस्तीतून दोघींनी-तिघींनी नाव घाला. एकीचा खाडा झाला तर दुसरी वही देते आणि दुसऱ्या दिवशी ओढून नेते. आमच्याकडं राजेंद्रनगरातून तिघी वहिनी एकदम शिवणाला गेल्या. एकेकटी गेली असती तर एकीचाही कोर्स पूर्ण झाला नसता, असं त्याच सांगतात.

सातवं: पहिली नोकरी

रुजू होताना विचारून घ्या: हजेरी कंपनीची की कंत्राटदाराची, पगार रोख की खात्यावर, ओटीचा हिशेब कसा. २० किंवा जास्त माणसं असतील तर पीएफ लागू होतो, १० किंवा जास्त असतील तर ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा), आणि ईएसआय २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला. पीएफचा यूएएन नंबर मागून घ्या आणि उमंग अ‍ॅपवर दर महिन्याला पैसे जमा होतात का बघा. ईएसआयचं कार्ड घरातल्यांच्या नावासकट करून घ्या. गरिबाचं घर एका आजारपणात परत खाली जातं, त्यामुळं ते कार्ड मला पगाराएवढंच महत्त्वाचं वाटतं.

दोन-तीनशे रुपये जास्त मिळतात म्हणून पहिल्या सहा महिन्यांत शेजारच्या कंपनीत उडी मारू नका. सुरुवातीचे महिने शिकायचे असतात.

फसवणूक झालीच तर

आधी लेखी तक्रार, तिच्या प्रतीवर संस्थेचा शिक्का घ्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर. सरकारी योजनेच्या नावानं पैसे घेतले असतील तर जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात कळवा आणि पोलिसांतही जा. एकट्यानं जाऊ नका, बॅचमधल्या पाच-सहा जणांनी मिळून अर्ज द्या.

वर्षानंतरची पायरी

तो राधानगरीचा पोरगा. आम्ही त्याला हेल्पर म्हणून घेतला. वर्षभरानं तो मशीनवर गेला, कारण त्यानं एक सवय लावून घेतली होती. शिफ्ट बदलताना सेटर नवीन जॉबचा पहिला नग काढतो, तेव्हा हा घरी न पळता पंधरा मिनिटं मागं उभा राहायचा. खिशात छोटी डायरी. इन्सर्ट (कापायचं पातं) कुठला लावला, ऑफसेट किती दिला, पहिलं माप किती आलं, दुसरं किती, सगळं टिपायचा. तुम्हीही पहिल्या पगारातून एक डायरी घ्या आणि सेटरला विचारा, "दादा, पहिला नग काढताना उभा राहू का?" माझ्या २६ वर्षांत याला नाही म्हणालेला सेटर मी बघितला नाही.